लंडन, दिल्ली की लासलगाव?

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी मुलगी निफाड तालुक्यातली, वय एकवीस. नाशिकला राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी साडेचार एकर वावर, त्यात कांदा आणि थोडी द्राक्षबाग. तिला एम.ए. आंतरराष्ट्रीय अभ्यासात करायचंय. एका शिक्षण सल्लागाराने ब्रिटनमधला एक वर्षाचा ‘ग्लोबल स्टडीज’चा अभ्यासक्रम सुचवलाय. फी आणि राहणं-खाणं धरून खर्च पस्तीस लाख. वडील म्हणतात, “एवढी इच्छा आहे तर शिक, वावर गहाण टाकू.” मामा म्हणतात, “हे शिकून ही काय राजदूत होणारे का?” दिल्लीच्या विद्यापीठाचं नाव काढलं की आई नको म्हणते, मुलगी एकटी कशी राहणार म्हणून. लंडनला मात्र चुलतआत्या आहे. पत्राचा शेवट असा : “जगाचा अभ्यास करायचा तर जग बघायला हवं ना? मी मुंबईच्या पुढे गेलेले नाही. इंग्रजीही कच्चं आहे. हा विषय माझ्यासारखीचा आहे का?”

प्रिय निफाडकर,

तू विचारलंयस लंडन की दिल्ली. पण मी तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण घोळ तिथून सुरू झालाय असं मला वाटतं.

पत्राच्या मध्येच तू एक ओळ लिहून गेलीस : “डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा ट्रॉलीत भरलेला होता.” घरात पैसे का नाहीत हे सांगायला तू ती लिहिलीस आणि लगेच पुढे सल्लागाराच्या माहितीपत्रकाकडे वळलीस. मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. मला विचारशील तर तुझ्या चार पानांत सगळ्यात ‘आंतरराष्ट्रीय’ ओळ तीच आहे.

जरा थांबून बघू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ८ डिसेंबरला थेट बंदी आली. ती उठली पुढच्या मे महिन्यात, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क अशा अटींवर. तुमच्या घरी याचा अर्थ झाला लिलावात पडलेला भाव. आता हीच गोष्ट पलीकडून बघ. आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अशीच बंदी घातली, आणि काहीच दिवसांत तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या. सगळ्यांसमोर त्या हसत हसत म्हणाल्या की बंदी घालण्याआधी जरा कळवलं असतंत तर बरं झालं असतं, मी माझ्या आचाऱ्याला कांदा वापरू नको म्हणून सांगून ठेवलंय. वाक्य विनोदाचं होतं, पण त्याच नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला आणि त्या सरकारला इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानातून माल मागवावा लागला, त्यातला काही तर विमानाने. कांदा विमानाने! तुझ्या वडिलांना सांग, त्यांना पटणार नाही.

मग प्रश्न पडतो की ज्या गिऱ्हाइकाला आपण दोनदा-तीनदा हात दाखवला, तो पुढच्या वेळी कोणाचं दार ठोठावेल? तो स्वतः कांदा पिकवायला लागेल का? शेजाऱ्याशी संबंध म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, देशातल्या गिऱ्हाइकाचं मत आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द यांत सरकार काय निवडतं, हे सगळं त्या ट्रॉलीत होतं. जग बघायला तुला बाहेर जायला हवं, हे मी नाकारत नाही. पण जग तुझ्याकडे येऊन गेलं आणि तू त्याला ‘घरची अडचण’ म्हणून बाजूला ठेवलंस, एवढंच मला दाखवायचंय.

हे झालं ‘आंतरराष्ट्रीय’. आता ‘तुलनात्मक’ काय असतं ते सांगते, कारण या शब्दाचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. मुलं दोन देशांचे तक्ते मांडतात : लोकसंख्या, राज्यपद्धती, संसदेची सभागृहं. ती तुलना नव्हे, ती यादी. तुलना सुरू होते ‘असं का?’पासून. २०२३ मध्येच इजिप्तनेही कांद्याची निर्यात थांबवली. दोन देश, एकच वर्ष, एकच पीक, एकच निर्णय. पण इजिप्तचं चलन दीडेक वर्षात निम्म्यावर घसरलेलं होतं, महागाई भडकली होती. आपल्याकडे रुपयाला तसं काही झालं नव्हतं. ऑगस्ट कोरडा गेला होता आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. १९९८ला दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याने पाडलं अशी आठवण आपल्या प्रत्येक पक्षाच्या मनात आहे. मग दोन वेगळ्या कारणांतून एकच निर्णय कसा निघाला? आता फिलिपिन्स घे. २०२२-२३च्या हिवाळ्यात तिथे कांदा मांसापेक्षा महाग झाला होता, पण तो देश कांदा बाहेर विकणारा नाही, त्यामुळे तिथे बंदीचा प्रश्नच नव्हता. तिथे भांडण झालं ते आयात आणि साठेबाजी यांवरून. आणि नेदरलँड्स? तोही जगातल्या मोठ्या कांदा निर्यातदारांतला एक. तिथे कांद्यावरून सरकार घाबरल्याचं कधी ऐकलंयस? का नसेल घाबरत? लोकांच्या कमाईतला किती वाटा जेवणावर जातो म्हणून? कांदा तिथे रोजच्या ताटात एवढा नाही म्हणून? की तिथल्या शेतकऱ्यांच्या संघटना वेगळ्या आहेत म्हणून? प्रत्येक ‘म्हणून’ तपासायचा, एकेक कारण बाजूला काढून बघायचं की उरलेल्यावर गाडी चालते का. तुलनात्मक अभ्यासाचा गाभा हा एवढाच आहे, बाकीचं त्याला दिलेली नावं आहेत.

नावांचं म्हणशील तर माहितीपत्रकांत फार गोंधळ असतो, म्हणून तुझ्यासारख्या इतरांसाठीही लिहिते. ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा जुना विषय : राष्ट्रं, युद्ध, करार, परराष्ट्र धोरण. ‘तुलनात्मक राजकारण’ देशांच्या आत डोकावतं. ‘क्षेत्र अभ्यास’ म्हणजे एक प्रदेश धरायचा, पश्चिम आशिया किंवा आफ्रिका, आणि त्याची भाषा, इतिहास, अर्थकारण सगळं शिकायचं. ‘ग्लोबल स्टडीज’ हे त्यातलं धाकटं भावंड. ते राष्ट्रांपेक्षा सीमा ओलांडणाऱ्या गोष्टींमागे जातं : स्थलांतर, हवामान, मालाच्या साखळ्या, कंपन्या. धाकट्या भावंडाचे लाड होतात तसे त्याचेही होतात. नाव आकर्षक, पण आत काय शिकवतात ते विद्यापीठागणिक इतकं बदलतं की नावावर काहीच ठरवता येत नाही. अभ्यासक्रमाची विषयवार यादी मागव. संशोधनपद्धतीचा सक्तीचा विषय आहे का, भाषा आहे का, प्रबंध किती शब्दांचा, शिकवणाऱ्यांपैकी कोणी दक्षिण आशियावर काम केलंय का, हे बघ. तुझ्या सल्लागाराने पाठवलेल्या चौदा पानांत वसतिगृहाचे सहा फोटो आहेत आणि विषयांची यादी अर्ध्या पानाची. मला हे बरं लक्षण वाटत नाही.

एक गंमत सांगते. ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन, म्हणजे खास प्राध्यापकपद, लंडनला नव्हतं, ऑक्सफर्डलाही नव्हतं. ते १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ या समुद्राकाठच्या छोट्या गावात सुरू झालं. त्या गावात आजही वेल्श बोलली जाते. पहिल्या महायुद्धात तिथल्या कॉलेजची मुलं मेली होती. त्यांच्या आठवणीसाठी एका श्रीमंत घराण्यातल्या भावाने आणि त्याच्या बहिणींनी पैसे दिले, का तर युद्ध कशाने होतं याचा कोणीतरी अभ्यास करावा. छोट्या गावाला मोठ्या जगाशी काय देणंघेणं, असं त्यांना वाटलं नाही.

आता पैसे. इथे मी गोड बोलणार नाही.

पस्तीस लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं, याचा हप्ता महिन्याला साधारण ४८ हजार येतो. शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलं नाही. या विषयात पहिली नोकरी म्हणजे बहुधा संशोधन साहाय्यक किंवा एखाद्या संस्थेतलं कनिष्ठ पद. तिथला भारतातला सुरुवातीचा पगार हप्त्याला पुरला तरी मी नशीब म्हणेन, आणि मग तू खाणार काय? “पण तिथेच नोकरी मिळेल” असं सल्लागाराने सांगितलं असेल. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर थांबायची मुदत आजवर दोन वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती अठरा महिन्यांवर आणायचं ठरलंय, म्हणजे तू पुढच्या तुकडीत गेलीस तर तुला अठराच. अमेरिकेचा विचार करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं : तिथे विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पदवीला कामाची जी जास्तीची दोन वर्षं मिळतात, ती या विषयाला सहसा लागू होत नाहीत, एकच वर्ष मिळतं. आणि सल्लागाराला बहुतेक वेळा विद्यापीठच कमिशन देतं, हे माहीत असू दे. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. आडत्याला दोन्हीकडून मिळालं तर तो कोणाच्या बाजूने बोलेल, हे निफाडकरणीला मी काय सांगू!

वावराचं म्हणशील, तर शेतजमीन तारण घ्यायला बऱ्याच बँका शैक्षणिक कर्जासाठी नाखूष असतात. मग गावातल्या खाजगी सावकाराचा रस्ता उघडतो. त्या रस्त्याला तुझ्या वडिलांना जाऊ देऊ नकोस. त्यांच्या बोलण्यात प्रेम आहे, हिशोब नाही. तो तू करायचा.

बाहेर जायचंच असेल तर दुसऱ्याच्या पैशाने जा. युरोपीय संघाची ‘इरास्मुस मुंडुस’ शिष्यवृत्ती महिन्याला १४०० युरो देते. तिच्यात लाइपझिग विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा ग्लोबल स्टडीजचा अभ्यासक्रम आहे, दोन वर्षं दोन वेगळ्या देशांत. ब्रिटनच्या ‘चिव्हनिंग’साठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे आज नाही, पण पंचविशीत तू पात्र होशील. आपल्या राज्याची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचायची, कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरची नाही. यांपैकी प्रत्येक ठिकाणी तुला निबंध लिहावा लागेल : हाच विषय का, तूच का. तिथे “मला लहानपणापासून जग बघायची आवड आहे” लिहिणारे हजारो असतात. ट्रॉलीतल्या लाल कांद्यापासून सुरू करणारी बहुधा एकटीच असेल.

दिल्लीकडे येऊ. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ हे मूळचं १९५५ मध्ये सप्रू हाउसमध्ये सुरू झालेलं. १९७० मध्ये ते विद्यापीठात सामील झालं. पूर्व आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका, रशिया आणि मध्य आशिया, दक्षिण आशिया असे तिथे विभागवार अभ्यास चालतात. शिकवणी शुल्क इतकं कमी आहे की खरा खर्च राहण्या-खाण्याचाच. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास असते. म्हणजे तुझ्या हातात फार महिने नाहीत. एकाच टोपलीत अंडी नकोत म्हणून कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठही बघ, तिथला हा विभाग देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. घराजवळ म्हणशील तर पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठात आफ्रिकेचा अभ्यास चालतो, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आणि ती भाषा बोलणाऱ्या देशांचा. पुण्यात खाजगी विद्यापीठंही हा विषय शिकवतात आणि काही चांगला शिकवतात, पण तिथल्या फीचा हिशोबही लंडनसारखाच वही घेऊन करायचा.

आईबद्दल. “दिल्लीला एकटी नको, लंडनला चालेल” यातला विरोधाभास तुला दिसलाय आणि तू चिडलीयस, हे अक्षरावरून कळतं. पण भांडू नकोस. तिला लंडन माहीत नाही म्हणून तिथली भीती नाही. दिल्लीच्या बातम्या ती रोज बघते. चुलतआत्या आहे खरी, पण ती विद्यापीठापासून किती लांब राहते हे कोणी विचारलंय? माझा अंदाज सांगू का, रागावू नकोस : परदेशी पदवीने स्थळं चांगली येतील हाही विचार त्या घरात कुठेतरी फिरत असणार. असू दे. तू एकच कर. आईला घेऊन दोन दिवस दिल्लीला जा, वसतिगृहाचं फाटक, मेस, रात्री मुली वाचनालयातून परत येतात तो रस्ता दाखव. माझ्या तीन विद्यार्थिनींच्या आया अशाच तयार झाल्या. चौथीची नाही झाली. ती पुण्यात शिकली आणि आज कुठेही अडलेली नाही.

मामांचा प्रश्न खोचक आहे, पण चुकीच्या जागी खोचलाय. राजदूत व्हायला हा विषय शिकावाच लागतो असं नाही. परराष्ट्र सेवेत जायचा रस्ता यूपीएससीचा, आणि तिथे कुठलीही पदवी चालते. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे, मराठीतून शिकलेले. सेवेत गेल्यावर जपानी शिकले आणि न्यूयॉर्कमध्ये भारताचे महावाणिज्यदूत झाले. विजय गोखले इतिहासाचे विद्यार्थी. चिनी भाषा शिकून पुढे ते परराष्ट्र सचिव झाले. एस. जयशंकर मात्र याच विषयातले डॉक्टरेट. म्हणजे विषयाने दार उघडत नाही आणि बंदही होत नाही. परराष्ट्र सेवेत वर्षाला घेतात तीस-चाळीस ते पन्नासेक जणांना. एवढ्या अरुंद दारावर सगळं आयुष्य लावायचं नसतं. यूपीएससी द्यायची तर जरूर दे, वयाची किती वर्षं द्यायची ते आधी कागदावर लिहून, खाली सही करून. संयुक्त राष्ट्रांचंही तेच : सचिवालयातल्या इंटर्नशिपला पैसे मिळत नाहीत, आणि न्यूयॉर्कला स्वखर्चाने सहा महिने कोण राहू शकतं हे वेगळं सांगायला नको.

मग हे शिकलेली मुलं जातात कुठे? ती मुंबईच्या गेटवे हाउस, पुण्याच्या पुणे इंटरनॅशनल सेंटर, दिल्लीच्या धोरण संस्थांत जातात. वर्तमानपत्रांत जातात, परदेशी वकिलातींच्या इथल्या कार्यालयांत, शिकवण्यात. आणि आणखी एका ठिकाणी, ज्याबद्दल वर्गात कोणी बोलत नाही : आयात-निर्यातीच्या कामात. २०१० आठवतं का घरी कोणाला? युरोपने आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडल्याने कंटेनर अडवले होते. बागाईतदार बुडाले, कारण पलीकडचा नियम काय आहे आणि तो कसा लागू होतो, हे इथे वेळेवर नीट कळलं नव्हतं. तो नियम वाचू शकणारा, त्यामागचं राजकारण समजणारा आणि पुन्हा निफाडच्या बागाईतदाराला मराठीत समजावू शकणारा माणूस नाशिक जिल्ह्यात किती ठिकाणी लागतो, याचा विचार कर. मामांना हे उत्तर दे. राजदूताचं स्वप्न त्यांना आवडणार नाही, पण कंटेनर अडला तर काय होतं हे त्यांना चांगलं कळतं.

राहिलं इंग्रजी. कच्चं आहे ते पिकवता येतं, फक्त अढीत घालून ठेवलेल्या आंब्यासारखं आपोआप नाही. रोज एक लेख वाचायचा आणि दहा ओळींत त्याचा सारांश इंग्रजीत लिहायचा. बोलण्यापेक्षा लिहिण्याकडे लक्ष दे, या विषयात माणूस लिहिण्यावरून ओळखला जातो. दूरचित्रवाणीवरच्या भू-राजकारणाच्या चर्चा बघून इंग्रजी सुधारेल अशी आशा धरू नकोस. त्याने आवाज सुधारेल फार तर.

आणि दुसरी परदेशी भाषा घेच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकता येतं. सगळे फ्रेंच-जर्मनकडे धावतात, तूही गेलीस तर चूक नाही. पण तुझ्या जागी मी असते तर बांगला शिकले असते. लिपी महिन्याभरात येते, शब्द निम्मे ओळखीचे वाटतात. आपल्याकडे बांगलादेशावर मतं असलेली माणसं ढीगभर, पण ढाक्याचं वर्तमानपत्र वाचू शकणारा मराठी अभ्यासक मला शोधावा लागेल. तुमचं पीक जिथे विकलं जातं, तिथली भाषा घरातल्या कोणाला तरी यावी यात नवल ते काय?

तेव्हा माझं मत विचारशील तर यंदा सीयूईटी, सोबत पुण्याचा एक अर्ज. लंडन दोन वर्षांनी, शिष्यवृत्तीवर, आणि नाही मिळाली तर नाही. कर्ज काढून आत्ताच जाण्याच्या बाजूने मला एकच मुद्दा दिसतो : घरातून बाहेर पडायची ही एकमेव संधी आहे असं तुला मनातून वाटत असेल तर. ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. तसं असेल तर पुन्हा लिही, मग मी वेगळं बोलेन.

तोवर एक काम देते. मे २०२० मध्ये, सगळं बंद असताना, लासलगावहून कांद्याची मालगाडी बांगलादेशातल्या दर्शनापर्यंत गेली होती. एरवी ट्रक जातात, पश्चिम बंगालमधल्या घोजाडांगा, हिली, महदीपूर अशा नाक्यांवरून. तुमच्या बाजार समितीतल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे जा, पहिल्यांदाच गेल्यासारखी, वही घेऊन. त्याचा माल कुठल्या नाक्यावरून जातो, तिथे किती दिवस उभा राहतो, बंदीच्या आदल्या रात्री त्याला कोणाचा फोन आला होता, हे विचार. दोन पानं लिही, मराठीतच. आणि लाल कांदा निघायच्या आत पाठव, नंतर त्याला बोलायला वेळ नसणार.